पाच पट्ट्यांची गोणी

१

चोरी झाली होती, पण मोजायला गेलं तर काहीच कमी नव्हतं. सहा गोण्या ठेवल्या होत्या, सहाच्या सहा जागेवर होत्या. फक्त त्यातल्या एकीत भलताच कोळसा निघाला.

१९९६ च्या फेब्रुवारीतली ही गोष्ट. बारामतीच्या एमआयडीसीत दादासो देवकात्यांचा क्रोम प्लेटिंगचा लहानसा कारखाना होता. मोटारसायकलची हँडलं, मडगार्डं आणायची आणि आरशासारखी चकचकीत करून द्यायची, हा धंदा. त्या चकाकीच्या मागे टाक्यांत पिवळं पाणी उरतं आणि त्या पाण्यात क्रोमियम असतं. माणसाच्या पोटात गेलं तर ते विषच. कित्येक वर्षं ते पाणी ओढ्याला जात होतं आणि ओढा सणसरच्या शिवारातून जात होता.

मी बुद्धघोष अहिवळे. तेव्हा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. चार वर्षं राबून मी उसाच्या चिपाडांचा एक कोळसा बनवला होता. चिपाडं आम्लात भिजवायची, बंद भट्टीत भाजायची, धुऊन वाळवायची. हाताला रवाळ, वजनाला हलका असा काळा माल तयार व्हायचा. नळकांड्यात तो भरून वरून पिवळं पाणी सोडलं की खालून नितळ पाणी यायचं. क्रोमियम तो कोळसा धरून ठेवायचा. दादासोंनी कारखान्यात जागा दिली, मी नळकांडी बसवली, आणि त्या वर्षी माझी छाती जरा जास्तच फुगलेली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या फुगलेल्या छातीपायीच झालं.

वापरलेला कोळसा मागच्या शेडमध्ये गोण्यांत भरून ठेवत होतो. एकदा वापरला की गोणीवर गेरूचा एक पट्टा, दोनदा वापरला की दोन. पाच पट्टे म्हणजे कोळसा विषाने गच्च भरला, आता त्याच्याकडून काही होणार नाही. तशी एकच गोणी होती, भिंतीकडे सर्वांत मागे. या सगळ्या गोण्या सिमेंटमध्ये कालवून खड्ड्यात गाडायच्या होत्या. खड्डा खणायचा तीन महिने राहिला होता. काम तपासायला पुण्याहून कमिटी येणार, ती एकदा येऊन गेली की बघू, असं मी म्हणत होतो.

त्या शुक्रवारी सकाळी कमिटीसाठी नमुना काढायला मी आणि माझी विद्यार्थिनी प्रतिक्षा शेडमध्ये गेलो. जमिनीवर धूळ आणि लिंबाचा वाळका पाला पसरला होता. "इथं झाडत नाही का कुणी?" म्हणून मी चिडलोही. पाच पट्ट्यांची गोणी ओढली तर हलेना. एरवी अशी गोणी मी एका हाताने उचलत असे. तिचं तोंड सुतळीऐवजी काळ्या लोकरीच्या दोऱ्याने शिवलेलं होतं आणि ती इतकी ठासून भरलेली होती की दोरा तोडताच वरचे दोन तुकडे घरंगळून माझ्या पायाशी पडले.

ते बाभळीच्या कोळशाचे तुकडे होते. भाकरीच्या शेगडीत घालतात तो साधा, खणखणीत कोळसा.

प्रतिक्षा म्हणाली, "सर, मग आपला कुठे गेला?"

पंधरा किलो विष कोळसा म्हणून कुणाच्या तरी घरात गेलं होतं.

२

दादासो पोलिसांत जायला तयार नव्हते. कमिटी तोंडावर असताना कारखान्याच्या दारात पोलीस नकोत, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी बावड्याहून आपल्या मावसाजींना बोलावून घेतलं. जोतीराम वाघमोडे, निवृत्त जमादार. सगळे त्यांना तात्या म्हणायचे.

तात्या दुपारच्या एसटीने आले. पांढरा सदरा, धोतर, पायात रबरी चपला. खुर्ची दिली तर बसले नाहीत. ज्याला काही विचारायचं त्याला बरोबर घेऊन कारखान्याभोवती फेऱ्या घालायच्या, ही त्यांची रीत.

"बसल्याला मानूस इचार करून बोलतो," ते मला म्हणाले. "चालनारा खरं बोलतो. चला."

पहिली फेरी माझ्याबरोबरच झाली.

"तुमचा कोळसा नेऊन चोराला काय मिळंल?"

"काहीच नाही, तात्या. त्याच्यात विष आहे."

"आन त्यानं ठिवलाय त्यो?"

"तो चांगला कोळसा आहे. बाजारात कुणीही घेईल."

"म्हंजी आपलं चांगलं ठिवून तुमचं वंगाळ घेऊन गेला. पस्तीस वर्सं नोकरी केली, पर असला चोर न्हाय गावला."

शेडमध्ये त्यांनी ती गोणी काट्यावर ठेवायला लावली. तीस किलो भरली, म्हणजे आधीच्या दुप्पट. तात्या गोणीच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले. "वजन बघितल्यालं न्हाय गड्यानं. माप बघितलंय. गोनीला गोनी, आन वर शीग." मग भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "बाकीच्या पाच म्होरं हायत. ही समद्यात मागं. पाची बाजूला सारून हिलाच का हात घातला?"

मी त्यांना गोणीवरचे पट्टे दाखवले. पट्ट्यांचा हिशेब मला माहीत होता आणि प्रतिक्षाला.

"आनि कुनाला ठावं हुतं?"

मग मला सव्वीस जानेवारी आठवली. सणसरच्या शाळेच्या पटांगणात आम्ही कोळशाचं प्रात्यक्षिक केलं होतं. गावकरी ओढ्याच्या पाण्यावरून चिडलेले होते, त्यांची समजूत घालायची होती. झेंडावंदनाला सगळं गाव जमलेलं. मी काचेच्या नळकांड्यात पिवळं पाणी ओतलं, खालून नितळ पाणी पेल्यात घेतलं आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायलो. टाळ्या पडल्या. "हा कोळसा विषाचं पाणी करतो," मी माईकवरून सांगितलं. "एकदा नाही, पाच-पाच वेळा राबतो आणि दमत नाही. जितके पट्टे, तितक्या वेळा राबलेला." दादासोंनी मला हार घातला होता.

तात्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आनि म्होरं काय बोलला?"

"पुढे काही नाही. मग जिलेबी वाटली."

ते थांबले. माझ्याकडे बघितलं, काही बोलणार असं वाटलं, पण बोलले नाहीत. "गेनूला बलवा," एवढंच म्हणाले.

३

गेणू राखणदार. मोरगावकडचा, मूळचा मेंढ्या राखणारा. मेंढरं गेली तरी हात रिकामा राहत नाही म्हणून फाटकाशी बसून टकळीवर काळी लोकर कातायचा. दोरा बघितल्याबरोबर आम्ही सगळे त्याच्याकडेच बघायला लागलो होतो, आणि त्याला ते कळत होतं.

"दोरा माजाच हाय," तो चालता चालता म्हणाला. "न्हाय कशाला म्हनू? पर मी काय दोरा कुलपात ठिवतो? ज्येला पायजेल त्यो मागतो. दादासोंनी किल्ल्या बांधायला नेला. ह्या प्रतिक्षाबाईंनी बाटल्यांस्नी चिठ्ठ्या बांधायला नेला. कामावरच्या शालननं नेला. समद्यांनीच नेलाय."

"फाटकातनं माल बाहीर गेला?"

"आईची आन, तात्या. एक खिळा गेला न्हाय. मडगार्ड म्हनू नका, हँडल म्हनू नका. मी पिशव्या तपासून सोडतो."

"गोन्या गाडायचं कुनी काय बोललं हुतं?"

गेणू दहा पावलं चालला. मग दादासोंच्या ऑफिसकडे बघून हळूच म्हणाला, "मालकांस्नीच इचारा."

दादासोंना विचारलं तेव्हा ते आधी संतापले, मग फेरीच्या दुसऱ्या वळणावर नरमले. तात्यांचं औषध लागू पडत होतं. "व्हय मावसाजी, सांगितलं हुतं मी गेनूला. महिना झाला. सरांचा खड्डा काय व्हईना. म्हनलं, ट्रॅक्टरात टाक आन जुन्या खाणीत नेऊन वत. त्यो न्हाय म्हनला. तितं शेरडं चरत्यात, म्हनला."

"मग दुसऱ्या कुनाला सांगितलं?"

"न्हाय. लाज वाटली."

तात्या माझ्याकडे वळले. "ह्यास्नी टाकायचं असतं तर साही टाकल्या असत्या. आन एवढी इमानदारी केली नसती, की टाकलं तेवढं भरून ठिवावं. ह्ये न्हवंत."

दादासोंनी सुस्कारा सोडला. माझ्या लेखी आता प्रतिक्षाच उरली होती. त्याच सकाळी तिच्या वहीत मी पुण्याच्या एका कंपनीचं पत्र बघितलं होतं, नोकरीचं. पाण्याची यंत्रं बनवणारी कंपनी. पाच पट्ट्यांचा कोळसा तपासला तर माझं सगळं गुपित कळलं असतं. मी हे तात्यांना सांगितलं आणि सांगताना मला बरं वाटलं, हेही कबूल करतो. चोर सापडला की आपण सुटतो.

४

प्रतिक्षा भरभर चालणारी मुलगी. तात्यांना तिच्याबरोबर जवळजवळ पळावं लागलं.

"पत्र आलंय, आजोबा. मी अजून हो म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "आणि कोळसा नेलाय मी. बरणीभर. महिनाभरापूर्वी, त्याच गोणीतला."

मी मागून चालत होतो. जागीच थांबलो. "मला न विचारता?"

"तुम्हाला सांगितलं होतं, सर. चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवली होती. मला एक शंका होती, म्हणून कॉलेजात तो कोळसा खाऱ्या पाण्यात भिजवला. रात्रभर. सकाळी पाणी पिवळं झालं." ती तात्यांकडे वळली. "कोळशाने धरलेलं विष खारं पाणी परत सोडवून घेतं, आजोबा. आपल्या इंदापूर भागात हापशाचं पाणी खारंच असतं. म्हणून मी लिहिलं, सर, गोण्यांवर मराठीत मोठं लिहूया, विष आहे म्हणून. आणि खड्डा लवकर करूया."

तात्या मला म्हणाले, "चिठ्ठी घावली हुती?"

"घावली होती," मी म्हणालो.

वाचली होती. इतकंच नव्हे, वाचून खूश झालो होतो. कोळसा खाऱ्या पाण्याने धुतला तर पुन्हा वापरता येईल, असा त्यातून मी अर्थ काढला. कमिटीच्या अहवालात तेवढं वाक्य घातलं. गोण्यांवर लिहायचं राहून गेलं. विद्यार्थिनीवर संशय घेताना मला ती चिठ्ठी आठवली नव्हती. माणसाला काय सोयीचं ते बरोबर आठवतं.

प्रतिक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती रडली नाही. "ज्याने कुणी नेलाय, त्याने तो पाण्यात टाकला नसला म्हणजे मिळवली," ती म्हणाली.

तात्यांनी धोतराचा सोगा खोचला. "सर, शेडात चला. मला आता चोर कळल्यागत वाटतंय. आन वाटतंय ते खोटं निघावं."

५

शेडमध्ये ते पहिल्यांदाच बसले, उलट्या घमेल्यावर.

"ऐका. चोर जागा रिकामी ठिवतो. भरून ठिवतो त्यो उसनं न्हेनारा. शेजारनं वाटीभर साखर आनली तर आपुन काय करतो? तीच वाटी भरून माघारी देतो. वजन करत न्हाय, माप बघतो. आन सपाट न्हाय देत, वर शीग लावतो, म्हंजी उद्या मागायला त्वांड ऱ्हातं. ही रीत बाप्यांची न्हवं, बायांची. म्हंजी कोळसा नेलाय बाईनं, आन तिच्या मतानं तिनं चोरी केल्यालीच न्हाय."

"बाई म्हणजे प्रतिक्षा?" मी विचारलं.

"ह्या पोरीला पाच पट्ट्यांचं भ्या वाटतं. जिनं नेला तिला पाच पट्टे भारी वाटले. आमच्यात नवा तवा कुनी मागत न्हाय, सर. मुरल्याला तवा मागत्यात. नवा बैल कुनी भरवशाचा म्हनत न्हाय, कामाला लागल्याला म्हनत्यात. तुमी सांगितलं, पाच येळा राबला तरी दमत न्हाय. जिनं ते ऐकलं, तिनं पाच गोन्या बाजूला सारून राबल्यालीच उचलली. म्हंजी ती बाई सव्वीस जानेवारीला सणसरात हुती, आन तिला ह्या शेडात यायला कुनी आडवत न्हाय." त्यांनी पायाने जमिनीवरचा पाला सारला. "हितं झाडतं कोन?"

"शालनबाई," मी म्हणालो. सणसरहून रोज एसटीने येणारी. "तीन दिवस आली नाही. पोट दुखतंय म्हणून निरोप होता."

"तिनं तुमाला कंदी काय इचारलं हुतं ह्या कोळशाबद्दल?"

विचारलं होतं. प्रात्यक्षिकानंतरच्या आठवड्यात. मी नळकांड्याचा नळ बसवत होतो, हात बरबटलेले, आणि ती मागे येऊन म्हणाली होती, सर, ह्यातला थोडा घरला चालंल का. मी मागे न बघता म्हणालो, "शालनबाई, हात लावू नका त्याला." एवढंच. का, ते सांगितलं नाही. सांगायला दोन वाक्यं लागली असती.

तात्यांनी गेणूला हाक मारली. तो दारात येऊन उभा राहिला.

"गेनू, बाहीर काय गेलं ते न्हाय इचारत. आत काय आलं, ते सांग."

"आत?" गेणू गोंधळला. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "गेल्या गुरवारी शालननं गोनी आनलीती, डोक्यावर. भावाची कोळशाची भट्टी हाय, म्हनली बाजारला घालायचीय. सांजच्याला गोनी घेऊन माघारी गेली. कोळसा आला, कोळसा गेला. मला वाटलं, इकला न्हाय."

"घरात कोन कोन हाय तिच्या?"

"ल्योक राम, त्यो डायवर हाय, म्हैनाम्हैना बाहीर. आन सून. मनिषा." गेणू थांबला. "दिवस गेल्यात तिला. सातवा चालू हाय. आदीचं सातव्यातच गेलं हुतं. शालन म्हनायची, पान्यानं खाल्लं."

दादासोंची जीप दारात उभीच होती. किल्लीला काळा लोकरीचा दोरा होता.

६

बारामती-सणसर रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर रांगेने कारखान्याला निघाले होते. एकेक ओलांडताना दादासो हॉर्नवरचा हात काढत नव्हते. मी गेणूजवळ मागे बसून हिशेब करत होतो. गुरुवारी संध्याकाळी नेला, आज शुक्रवार, म्हणजे सात-आठ दिवस. दिवसाला तीन-चार तांबे. सातवा महिना. आपण रसायनशास्त्रात कच्चे असतो तर बरं झालं असतं, असं पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

घर गावाच्या कडेला, दोन खोल्यांचं. आम्ही ओसरीवर टेकतो न टेकतो तोच मनिषा बाहेर आली, एक हात कमरेवर, दुसऱ्यात पाण्याने भरलेला तांब्या. पाहुणे आले की आधी पाणी. तिने तांब्या माझ्यासमोर धरला.

मी तो घेतला नाही. माझ्या आज्याला या भागात वरून ओंजळीत पाणी ओतत असत. त्याच्या नातवाला आज तांब्या हातात मिळत होता आणि नातू तो धरत नव्हता. मनिषाच्या चेहऱ्यावर शरम पसरली. तिला वाटलं, सरांना आमच्या घरचं चालत नाही.

तात्यांनी तांब्या घेतला. "कंच्या मडक्यातलं हाय, पोरी?"

"हापशाचं हाय, तात्या, सादं." तिने आतल्या कोपऱ्याकडे मान केली. "गाळनीचं आत्या कुनाला देत न्हाईत."

कोपऱ्यात लाकडी घडवंचीवर एकावर एक तीन मडकी होती. साक्षरतेच्या वर्गात शिकवतात तशी गाळणी. वरच्यात हापशाचं पाणी, मधल्यात वाळू आणि कोळसा, खालच्यात गाळलेलं पाणी. वाळूच्या वर माझा रवाळ काळा कोळसा मी लांबूनच ओळखला.

"शालनबाई देत नाहीत म्हणजे?" मी विचारलं.

"मला त्यातलं घोटभरबी दिलं न्हाय. आळीतल्या बाया मागाय आल्या, त्यास्नीबी न्हाय. म्हनल्या, आदी मी एकटी पिते आठ दिस. सरांनीबी आदी सोता पिऊन दावलं हुतं. मला काय झालं न्हाय तर मग तुला देते, मग आळीला वाटते. उद्या आठ दिस व्हनार हुते." तिने पदर तोंडाला लावला. "तीन दिस झालं, उलट्या थांबना. लगवी व्हईना. पर पिनं काय सोडलं न्हाय. म्हनल्या, धरल्याला नेम पुरा करावा."

मी खालच्या मडक्यातलं पाणी पांढऱ्या वाडग्यात घेतलं. उजेडात नेलं. फिक्कट पिवळं होतं, इतकं फिक्कट की तांब्यात किंवा मडक्यात कुणाला दिसलं नसतं. ज्याला बघायला शिकवलंय त्यालाच दिसलं असतं.

मी एक पेला प्यायलो होतो, कोऱ्या कोळशाचा, टाळ्यांसाठी. तिने सात दिवस परीक्षा घेतली होती, स्वतःवर. आमच्या दोघांत शास्त्रज्ञ कोण होतं, हे मला त्या वाडग्यात दिसलं.

आत शालनबाई घोंगडीवर निजली होती. चेहरा सुजलेला. दादासो आणि गेणूने तिला उचलून जीपमध्ये ठेवलं. मी तीनही मडकी आणि उरलेली गोणी बांधून घेतली, या खेपेला कुणालाही सांगता येईल अशा जागी न्यायला.

७

बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंडं बंद पडत चालली आहेत, पुण्याला न्या. तिथे मशीनवर घातलं. मी डॉक्टरांना क्रोमियमचा कागद लिहून दिला, आकड्यांसकट. तो मात्र वेळेवर दिला.

त्या आधी, बारामतीतच, बाहेरच्या बाकावर दादासोंनी तात्यांना विचारलं, "मावसाजी, आता चोरीचं काय करायचं? कागद करून ठिवायचा का? उद्या कमिटीनं इचारलं तर?"

"चोरी झाल्याली न्हाय," तात्या म्हणाले. "नेलं तेवढं तिनं दिलं, वरकड दिलं. गुन्हा झालाय, पर त्यो सांगायचं राहिल्याचा. पिवळं पानी आत गेलं, नितळ बाहीर आलं. मदलं इख कुठं गेलं, ह्ये गावाला कुनी सांगितलं न्हाय. दुपारी सरांनी मला हार सांगितला, जिलेबी सांगितली, तवाच मला इचारायचं हुतं. माझ्या पस्तीस वर्सात असलं कलम मी लावल्यालं न्हाय, दादासो. सरांनीच बघावं." ते माझ्याकडे न बघता बोलले. ओरडले असते तर परवडलं असतं.

पुण्याला पाचव्या दिवशी शालनबाई जरा शुद्धीवर आली. खाटेभोवती मनिषा होती, बाहेरगावाहून आलेला राम होता, दादासो होते. शेजारच्या खाटांवरची माणसं आणि त्यांचे पाहुणे होते. मी वाक्य पाठ करून गेलो होतो. शालनबाई, चूक माझी आहे. त्या कोळशात विष होतं, ते मी सांगायला हवं होतं. दोनच वाक्यं. एसटीत बारामतीपासून पुण्यापर्यंत घोकली होती.

पण तिने मला बघितलं आणि सुया टोचलेले हात कसेबसे जोडले.

"सर, चुकलं माजं," ती म्हणाली. "इचारल्याबिगर नेला. तुमी हात लावू नगा म्हनला, तवाच वळखलं, लई मोलाची चीज हाय. देवाच्या वस्तूला तसंच म्हनत्यात. तरी नेला. सुनंसाठी नेला. माजं मन बेइमान झालं, म्हनून मला बाधला. पोटात घाला एवढं."

हात लावू नका. माझ्या घरात तीन पिढ्या या शब्दांचा अर्थ वेगळा होता आणि तो कुणी कधी समजावून सांगितला नव्हता. मीही सांगितला नाही. आणि तिने त्याचा अर्थ काय लावला, तर मी देवाची वस्तू राखतोय.

सगळे माझ्याकडे बघत होते. राम रडत होता. त्याची आई चोर ठरतेय की नाही, ते माझ्या तोंडात होतं. वाक्य जिभेवर आलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कान देऊन ऐकत होता, दाराशी नर्स उभी होती, आणि मी कॉलेजातला प्राध्यापक होतो.

"असू द्या, शालनबाई," मी म्हणालो. "मनात ठेवू नका."

तिचा चेहरा निवला. नवव्या दिवशी ती गेली.

खड्डा मी त्याच आठवड्यात खणून घेतला. सहाही गोण्या सिमेंटमध्ये गाडल्या. कमिटीला सगळं लेखी कळवलं, तेव्हा आमचं काम त्यांनी थांबवलं आणि ते योग्यच केलं. प्रतिक्षा पुण्याच्या नोकरीला गेली. पुढे मी जिथे जिथे बोललो, तिथे आधी वापरलेल्या कोळशाचं सांगितलं आणि मग नव्याचं. अनोळखी माणसांसमोर मला खरं बोलता येतं.

मे महिन्यात सणसरहून बारशाचं बोलावणं आलं. मनिषाला मुलगी झाली होती, ठणठणीत. मुलीचं नाव शालन ठेवलं. न जाणं शक्य नव्हतं. मांडवात शिरलो तर रामने मला हाताला धरून पुढे नेलं, पाटावर बसवलं, टोपी-उपरणं दिलं आणि जमलेल्या गावाला सांगितलं.

"ह्येच ते अहिवळे सर. आमच्या आईच्या हातनं चूक झालीती. ह्यास्नी पोलिसात देता आलं असतं. पर ह्यांनी तिला मरताना माफ केलं. आई समाधानानं गेली. लई मोठ्या मनाचा मानूस."

बायकांनी माना डोलावल्या. मनिषाने पोर आणून माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझ्या पायांना हात लावला. जोतीराम तात्या समोरच्या पंगतीत बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग पत्रावळीकडे खाली मान घातली.

मी पोरीला आशीर्वाद दिला. वाढलेलं सगळं जेवलो आणि साडेचारच्या गाडीने परत आलो.